शिवेवरचं रान

“मग मधलं रान कोनं तोडावं, बाबा?”

दौलतरावांनी हे विचारलं तेव्हा ते तिकिटाच्या खिडकीबाहेर उभे होते आणि करीमबाबा खिडकीच्या आत बसून चहा पीत होते.

बाबांनी बशी खाली ठेवली.

“कोन्तं रान?”

“कटिंगमधलं. दुसरं कोन्तं?”

बशीत थोडा चहा उरला होता, तो बाबांनी पिऊन टाकला.

आमचं बोरगव्हाण स्टेशन बंद पडलं त्याला आता बरीच वर्षं झाली. आधी छोटी गाडी गेली, मग रूळ गेले, मग स्लीपर गेले. जे सरकारला उचलता आलं नाही ते गावानं उचललं. उरली ती तिकीटघराची एक खोली. करीमबाबा फिरत फिरत आले आणि त्या खोलीत राहिले. फकीर माणूस. ताईत नाही, गंडा नाही, कुणाच्या डोक्यावर मोरपीस फिरवणं नाही. भेटायला येणाऱ्याशी ते खिडकीतूनच बोलत. लोक प्रश्न घेऊन यायचे आणि बहुतेक वेळा तोच प्रश्न परत घेऊन जायचे, पण जाताना जरा बरे दिसायचे.

दौलतराव त्यांचे शिष्य. म्हणजे असं दौलतराव सांगत. बाबांनी कुणाला शिष्य म्हटल्याचं आम्ही तरी ऐकलेलं नाही. रोज सकाळी बाबांचा माठ भरायचा मान दौलतरावांनी आपल्याकडे ठेवला होता. दुसऱ्या कुणी भरला, तर ते पाणी कडुलिंबाला घालून ते माठ पुन्हा भरायचे. असा माणूस.

तर रुळांच्या जागी आता वाट व्हायची होती. बोरगव्हाणापासून चिंचखेडपर्यंत. चालणाऱ्यांची आणि सायकलींची. शाळेत जाणाऱ्या पोरींची, आणि संध्याकाळी पाय मोकळे करायला निघणाऱ्या म्हाताऱ्यांचीही. मोटरसायकलला बंदी. सडकेनं चिंचखेडला जायचं तर तालुक्याला वळसा घालून दोन एसट्या बदलाव्या लागतात. गाडीच्या वाटेनं सरळ गेलं तर सकाळी निघालेला माणूस न्याहारीला पोचतो.

जिल्ह्याचे साहेब सांगून गेले होते की दोन्ही गावांनी आपापल्या बाजूनं रान साफ करावं. वाट सलग दिसली की मुरूम टाकू. नाही दिसली, तर मुरूम दुसऱ्या तालुक्यात जाईल.

आम्ही इकडून निघालो, चिंचखेडवाले तिकडून. वेडी बाभूळ, घाणेरी, बोरी, सगळं भुईसपाट करत दोन्ही गावं टेकडीपाशी येऊन पोचली.

ती टेकडी गाडीसाठी मधोमध चिरलेली आहे. दोन्हीकडे उभ्या भिंती आणि मधे एका गाडीपुरती जागा. आमच्याकडे तिला कटिंगच म्हणतात. दोन्ही गावांची शीव तिथंच आत कुठंतरी आहे. शिवेचा दगडही आहे म्हणे. पण तो रानाखाली गेला त्याला एक पिढी लोटली.

एरवी वीतभर बांधासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी आमची ही दोन गावं. कटिंगच्या बाबतीत मात्र दोघांनाही एकदम उदारपणा सुचला. आम्ही म्हणालो, हे रान तुमच्या शिवारातलं. ते म्हणाले, छे, तुमच्याच.

आणि दोन्हीकडचे कोयते थांबले.

“आपलं काम झालं, बाबा,” दौलतराव म्हणाले. “एक काडी ठेवली नाई. अनवानी मानूस चालला तरी काटा लागनार नाई. तुमी या पाह्याले.”

“बरं.”

“आता त्यायनं आपलं करावं न.”

“ते काय म्हनते?”

“म्हनते, तुमचंच हाय.”

“कोन म्हनते असं?”

“तिकडले लोक.”

“लोकायचं कोनी मोठं असन न.”

दौलतरावांनी खिडकीच्या गजावरची धूळ बोटानं पुसली…

“हाय एक बाई. बचत गटाची.”

बाबा हसले. बाबांना हसताना पाहिलं की दौलतरावांना वाटायचं, आपलं काहीतरी सांडलं. त्या दिवशी खरंच सांडलं होतं. कारण ती बचत गटाची बाई म्हणजे कौतिकाबाई, आणि कौतिकाबाई म्हणजे दौलतरावांची सख्खी थोरली बहीण.

आई गेली तेव्हा दौलतराव पाळण्यात होते. कौतिकाबाई तेव्हा स्वतःच परकरातली पोर. तिनं त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. चिंचखेडला लग्न होऊन गेली तेव्हा गाडीच्या खिडकीतून तिनं हात बाहेर काढला, आणि लहानगा दौलत गाडी हलल्यावरही तो हात सोडेना. गार्डानं येऊन सोडवला. हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे.

अशा बहिणीला दौलतरावांनी आपल्या मुलीच्या, पल्लवीच्या, लग्नाचं बोलावणं फोनवर केलं.

तसं कारण होतं. धावपळ होती, मांडववाला पळाला होता, आचारी आजारी होता. पत्रिका त्यांनी एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवली. पण मुलीच्या आत्याला अक्षत देऊन, उंबऱ्यावर उभं राहून बोलवायचं असतं. कौतिकाबाई आल्या नाहीत. हळदीला आत्याचा पाट रिकामा राहिला. दौलतराव म्हणाले, माहेरी यायला बोलावणं कशाला लागतं. कौतिकाबाई म्हणाल्या, मग मी काय कंडक्टरची बहीण आहे.

तेव्हापासून दोघं एकमेकांची वाट पाहत बसले. त्यानं यावं, असं तिचं म्हणणं. तिनं यावं, असं त्याचं.

“पल्लवी कशी हाय?” बाबांनी विचारलं.

“बरी हाय.”

“अन् लेकरू?”

“तेबी बरं हाय. मान धरली त्यानं.”

“नाव काय ठेवलं?”

दौलतरावांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

बाळाचं नाव ठेवलेलंच नव्हतं. पल्लवी बाळंतपणाला माहेरी आली होती आणि हट्ट धरून बसली होती की आत्या आल्याशिवाय बारसं होणार नाही. लग्नात पाट रिकामा राहिला, आता पाळण्याजवळची जागा रिकामी नको. सासरची माणसं दोनदा तारीख विचारून गेली. दौलतरावांच्या बायकोनं जेवणात मीठ घालणं सोडलं होतं, मुद्दाम की विसरून ते त्यांना विचारायचं धाडस होत नव्हतं. आणि बाळ अंगणात उताणं पडून सगळ्यांकडे बघत असायचं, आणि ज्याच्या तोंडात जे येईल त्या नावानं तो त्याला हाक मारायचा.

“ठेवू,” दौलतराव म्हणाले. “घाई काय हाय.”

“लेकराले नाई घाई,” बाबा म्हणाले.

बाहेर पळसावर मैना भांडत होत्या.

“चिंचखेडचं तिकीट देऊ का?”

“गाडी बंद हाय, बाबा.”

“माहीत हाय मले.”

दौलतरावांचे कान लाल झाले. पण ते मागे हटणारे नव्हते.

“ते राहू द्या. मी रानाचं विचारून रायलो. तुमी सांगान तसं करतो. इकडचे म्हनाले तर इकडचे तोडतीन. तिकडचे म्हनाले तर तिकडचे. पन तुमी सांगा. तुमचं दोन्ही गावं ऐकते.”

“मी सांगू?”

“सांगा.”

बाबांनी पुढं वाकून खिडकीची फळी धरली आणि हळूच लावून घेतली.

दौलतराव बंद फळीसमोर थोडा वेळ उभे राहिले. मग आम्हाला येऊन म्हणाले की बाबा विचार करून सांगणार आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी माठ भरायला गेले तर खोली उघडी आणि बाबा नाहीत. घोंगडी नाही, काठी नाही.

फकीर माणूस, उठून गेला असेल, कुणीतरी म्हणालं. दौलतरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढचं बोललाच नाही. काल आपण जास्त बोललो का, हे त्यांनी आम्हाला तीनतीनदा विचारलं. नाही, नाही, आम्ही म्हणालो. मनात आम्ही होच म्हणत होतो.

ऊन अंगणात आलं तेव्हा टेकडीवर शेळ्या चारणारी एक म्हातारी सांगत आली की कटिंगच्या रानात कोणीतरी खोकतंय. तिनं वरून दोन्हीकडे ओरडून सांगितलं होतं. त्यामुळे आम्ही इकडच्या तोंडाशी पोचलो तेव्हा चिंचखेडवालेही तिकडच्या तोंडाशी येऊन उभे होते. दिसत कुणीच कुणाला नव्हतं. मधे ते रान उभं होतं, भिंतीपासून भिंतीपर्यंत, माणसाच्या वर हातभर, आणि त्यावर चिल्हारीच्या काटेरी वेली चढलेल्या.

“बाबा,” दौलतरावांनी हाक दिली. “कुठी हाय तुमी?”

“मधात,” आतून आवाज आला.

“आत कसे गेले?”

“रांगत. शेळ्या जाते न, तिथून.”

“कोन्या बाजूनं?”

आतून काही उत्तर आलं नाही.

“बरं, बाहेर या आता.”

“येतो. कोन्या बाजूनं येऊ?”

“आपल्या.”

“आपली कोन्ती, दौलत?”

आमच्यातले दोघं हसले. दौलतरावांनी मागे वळून पाहिलं, तसे ते खाकरले.

“चेष्टा नोका करू, बाबा. ऊन तापून रायलं. जसे गेले तसे या.”

“ते काई होत नाई आता. जाताना रांगलो. गुडघे म्हनते, बस झालं.”

“मग?”

“मग बसलो हाय. तुमचं चालू द्या.”

आमचे गुलाबराव पुढे आले. हे गृहस्थ कुठंही जाताना खिशात टेप ठेवतात, लग्नातसुद्धा. त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वाकडी करून अंदाज घेतला.

“माह्या हिशोबानं बाबा त्यायच्या हद्दीत हाय,” ते म्हणाले. “त्यायनं सोडवावं.”

तिकडच्या बाजूलाही असाच कोणीतरी गुलाबराव असणार. कारण तिकडूनही कोयत्याचा आवाज येत नव्हता.

दोन्ही गावं उभी राहिली. पळसाची फुलं उन्हात तापून टपटप पडत होती. आत एक म्हातारा, मधे काटे, आणि बाहेर दोन्हीकडे धारदार कोयते घेतलेली पाऊणशे माणसं. बाहेरच्या कुणी पाहिलं असतं तर त्यानं आम्हाला वेड्यात काढलं असतं आणि ते बरोबर झालं असतं.

“बाबा, तहान लागली का?”

हा आवाज तिकडून आला. बाईचा.

“लागली त हाय.”

“पानी आनलं म्या. तांब्या हाय हातात. कसा देऊ सांगा.”

“तेच त, कौतिका. कसा देशीन?”

दौलतराव एकदम खाली बसले. उन्हामुळे असेल, आम्हाला वाटलं. पण ते हातातल्या कोयत्याकडे पाहत होते. पल्लवीच्या लग्नानंतर त्यांनी तो आवाज ऐकलाच नव्हता. तो जरा घोगरा झाला होता. आईचा आवाज त्यांना आठवत नाही. आईचा म्हणून जो आठवतो तो हाच. हे त्यांनी मागे एकदा आम्हाला आपणहून सांगितलं होतं.

“दौलतराव,” गुलाबराव म्हणाले, “तिकडून सुरू होऊ द्या. मंग आपन पाहू.”

दौलतरावांनी कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवला.

“आज इकडून तोडलं, तर उद्या कायमचं आपल्या गळ्यात पडन. दर साली तोडा मंग.”

“बाबा,” दौलतरावांनी हाक दिली.

उत्तर नाही.

“बाबा…”

नाही.

“अहो बाबा, बोला न काई.”

रान गप्प होतं. तिकडूनही हाका येऊ लागल्या. बाबा, बाबा. आत पान हलेना.

दौलतराव उठले. गुलाबराव हद्दीबद्दल काहीतरी म्हणत होते. त्यांना कोपरानं बाजूला सारून ते रानात घुसले. पहिला घाव घातला तो बोरीच्या बुंध्यावर, दुसरा चिल्हारीवर. सदऱ्याची बाही फाटली. आम्ही क्षणभर पाहत राहिलो आणि मग आमचेही कोयते सुरू झाले.

खरं सांगायचं तर तिकडून कधी सुरू झालं ते आम्हाला कळलंच नाही. आमच्या कोयत्यांच्या आवाजात त्यांचा आवाज मिसळला होता. त्यांना विचाराल तर ते सांगतात, आधी आम्ही. आम्हाला विचाराल तर… पण जाऊ द्या.

पुढचे तोडत होते, मागचे आकड्यांनी काटे ओढून काढत होते. कुणी कुणाला हुकूम देत नव्हतं. दौलतराव अधूनमधून बाबा म्हणून हाक देत आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा घाव घालत. त्यांचं तोंड पाहवत नव्हतं. हा माणूस वडिलांच्या तेराव्यालासुद्धा ताठ मानेनं बसला होता. आता घाम आणि डोळ्यातलं पाणी एकत्र वाहत होतं आणि ते पुसायला त्यांच्याकडे हात मोकळा नव्हता.

दुपारी केव्हातरी शेवटची बाभूळ आडवी झाली. समोर फक्त चिल्हारीचा पडदा राहिला, आणि त्या पडद्यापलीकडे कोणीतरी धापा टाकत होतं.

दौलतरावांनी कोयता उचलला.

“दौल्या,” पलीकडून आवाज आला. “उजव्या अंगानं मार. डाव्याले मोठा काटा हाय, हातात जाईन.”

दौलतरावांचा हात तसाच वर राहिला…

मग त्यांनी उजवीकडून घाव घातला. वेल खाली आली.

कौतिकाबाई समोर उभ्या होत्या. पदर खोचलेला, केस पार पांढरे झालेले, हातभर ओरखडे. दोन वर्षांत इतके पांढरे कसे झाले, असं दौलतरावांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांचंही डोकं तितकंच पांढरं झालं होतं, पण ते कुणाला स्वतःचं दिसत नाही.

दोघांच्या मधे, थोड्याशा मोकळ्या जागेत, करीमबाबा घोंगडी पसरून बसले होते. मान छातीवर आलेली.

“बाबा…” दौलतराव पुढं झाले.

बाबांनी डोळे उघडले.

“झोप लागली होती, बाप्पा,” ते म्हणाले. “सावली चांगली हाय इथी.”

कौतिकाबाईंनी मागून तांब्या मागवला. बाबा पाणी प्यायले. उरलेलं कुणाला द्यावं म्हणून त्यांनी तांब्या नुसता हातात धरून ठेवला. एकीकडे भाऊ, एकीकडे बहीण. तांब्याकडे दोघांनी पाहिलं आणि दोघांनी नजर वळवली.

“बाबा,” दौलतराव म्हणाले, “तिले म्हना, पोरगी वाट पाहून रायली. लेकराले नाव नाई.”

“बाबा,” कौतिकाबाई म्हणाल्या, “त्याले म्हना, मले समजलं. लेकराचं झबलं-टोपडं शिवून कवाचं पेटीत ठेवलं म्या.”

“तिले म्हना, मग याव न.”

“त्याले म्हना, बोलवाव न. अक्षत घेऊन याव. माह्या शिवारात पाय ठेवून बोलवाव. मी काई परकी नाई, पन भिकारीनबी नाई.”

“आलो न मी. हे काय, उभा हाय.”

“तू कुठी आला? मीच तुह्या शिवारात उभी हाय. मी आली.”

“हे तुमचं शिवार हाय. मी आलो.”

“आमचं? आता आमचं झालं का?”

झालं. सकाळपासून ज्या रानाला दोन्ही गावं तुमचं तुमचं म्हणत होती, त्याचाच वाद पुन्हा पेटला. पण या वेळी त्याच्यात रान नव्हतं. बहीण जर चालत भावाच्या हद्दीत आली असेल, तर न बोलावता आल्यासारखं होतं. तो जर तिच्या हद्दीत आला असेल, तर मान खाली घालून आल्यासारखं होतं. एका पावलाचा प्रश्न होता, आणि ते पाऊल कुणाचं हे कुणालाच माहीत नव्हतं.

“दगड पाहा न,” गुलाबराव म्हणाले. त्यांनी टेप काढलाच होता. “शिवेचा दगड इथंच असन कुठीतरी. तो सापडला की फैसला.”

हे सगळ्यांना पटलं. दोन्ही गावं दगड शोधायला लागली. कुणी गिट्टी पायानं उकरत होतं, कुणी भिंतीच्या कडेचा पाला ओढत होतं. चिंचखेडचा एक माणूस ओरडला, सापडला. बघितलं तर नुसताच धोंडा. आमच्यातला एकजण म्हणाला, हा बघा. ते मुंग्यांचं वारूळ निघालं. आवाज चढत गेले. कौतिकाबाई आणि दौलतराव मात्र जागचे हलले नाहीत. दोघंही बाबांकडे बघत होते.

आधी दौलतरावांना दिसलं.

घोंगडीच्या कडेखालून घडीव दगडाचा एक कोपरा बाहेर आला होता. त्यावर छिन्नीनं कोरलेली रेघ होती.

“बाबा,” ते हळूच म्हणाले. “उठा बरं जरा.”

“कायले?”

“तुमी… तुमी शिवेवर बसले.”

बाबांनी वाकून दोन्ही गुडघ्यांच्या मधून खाली पाहिलं. घोंगडी थोडी उचलली. दगड चांगला लांबरुंद होता. त्याच्यावर हात फिरवून त्यांनी बसलेली माती झटकली.

मग ते उठले नाहीत. नुसते सरकले. दगडाच्या बरोबर मधोमध येऊन बसले, आणि एका अंगाला घोंगडी सारखी केली, आणि दुसऱ्या अंगालाही केली.

कौतिकाबाईंचे गुडघे सकाळपासून उभे राहून भरून आले होते. त्या बसल्या. बसताना त्यांच्या तोंडून हुश्श निघालं.

दौलतराव उभेच. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आम्ही सगळे भिंतीपाशी दगड शोधत होतो, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मीच काय तो जवळ होतो म्हणून हे सांगतो आहे. त्यांनी कोयता खाली ठेवला. डोक्याची टोपी काढून गुडघ्यावर झटकली. आणि दुसऱ्या बाजूला, जरा अंग चोरून, बसले.

दगड तिघांना पुरला.

बाबांनी हातातला तांब्या मधे धरला. दौलतरावांनी तो घेतला आणि बाबांच्या पुढून हात लांब करून बहिणीला दिला. तिनं दोन घोट घेतले आणि परत दिला. उरलेलं ते प्यायले.

“आयतवारी बारसं हाय, अक्का,” तांब्यातच बघत ते म्हणाले. “चुकलो मी. तू ये.”

कौतिकाबाईंनी पदर डोळ्यांना लावला…

“अक्षत?” त्या म्हणाल्या.

दौलतरावांनी खिसे चाचपले. खिशात काय असणार. मग त्यांनी वाकून पायाजवळ पडलेली पळसाची फुलं ओंजळीत उचलली, वाऱ्यानं वरून आणलेली, आणि बाबांच्या मांडीवरून पलीकडे तिच्या ओच्यात टाकली.

“येईन न,” त्या म्हणाल्या. “कायले नाई येनार. नाव काय ठेवतो?”

“तूच ठेव.”

बाबा दोघांच्या मधे डोळे मिटून बसले होते. त्यांना ऊन लागत होतं, पण ते हलले नाहीत.

तिकडे भिंतीपाशी वाद शिगेला पोचला होता. चिंचखेडवाले म्हणत होते, उद्या जेसीबी आणू. आमचे म्हणत होते, आणा, खर्च तुमचा. गुलाबराव टेपचं एक टोक धरून उलट्या पावलांनी येत होते. येता येता ते दगडापाशी थांबले. तिघांना बसलेलं पाहिलं, पण त्यांचं डोकं मोजण्यात होतं.

“काय हो बाबा,” त्यांनी विचारलं, “तुमी सकाळपासून आत हाय. शीव सापडली का तुमाले?”

“नाई, बाप्पा,” बाबा म्हणाले. “बसाले दगड सापडला.”